असईचा उतार

आठवीच्या मुलांना मी असईच्या लढाईची गोष्ट सांगत होतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली चालून आला. केळणेला जवळपास कुठेही उतार, म्हणजे पात्रातून पलीकडे जाण्याजोगी उथळ जागा, नाही, असे वाटाडे त्याला सांगत होते. पण पिंपळगाव आणि वरूड ही गावे दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली पाहून त्याने ताडले, की या गावांचे एकमेकांकडे येणे-जाणे असणारच. त्याचा अंदाज खरा ठरला आणि तिथूनच त्याचे सैन्य नदीपार झाले. मी आता तोफांकडे वळणार, तोच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, वाटाडे खोटं का बोलले?"

मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मुलांसाठी साहसकथांचे मोठे पीक आले. अफगाण सरहद्द, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंचा मुलूख, पंजाबातली युद्धे ही त्यांची ठरलेली भूमी, आणि पंधरा-सोळा वर्षांचा धाडसी इंग्रज पोरगा हा ठरलेला नायक. त्या गोष्टींचा वेग मला आजही हवाहवासा वाटतो. पण त्यांतला वाटाड्या एक तर इमानी असतो, नाही तर दगाबाज, आणि त्याला स्वतःचे शेत, आई किंवा बैलजोडी आहे, हे वाचणाऱ्या मुलाला कधी कळतच नाही.

आपल्या मुलांसाठी असईची कादंबरी लिहायची, तर ती वरूडच्या एखाद्या पोरापासून सुरू व्हावी, असे मला मनापासून वाटते. त्याच्यापुढचा पेच खरोखर अवघड आहे. मुलूख निजामाचा आणि निजाम १७९८ पासून तैनाती फौजेच्या कराराने कंपनीशी बांधलेला. छावणी मात्र शिंद्यांची. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन, तर कंपनीच्या रांगांत मद्रासचे देशी शिपाई. दोन्ही फौजांच्या जनावरांना चारा हवा आणि तो याच शिवारातून जाणार. अशा वेळी "उतार नाही" म्हणणारा माणूस कदाचित कुणाच्याही बाजूचा नसेल. फौजेने आपल्या उभ्या ज्वारीतून जाऊ नये, एवढेच त्याला हवे असेल.

त्या एका दिवसात कंपनीचे दीड हजारांहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. पुढे जखमींसाठी अजिंठ्याला इस्पितळ उघडले. माझ्या मनातल्या कादंबरीत त्या वाटेने वरूडच्या त्या पोराची गाडीही जुंपलेली आहे: मागे एक मद्रासी शिपाई कण्हतो आहे, त्याची भाषा पोराला कळत नाही आणि पाणी मागण्याची खूण तेवढी कळते.