मुलाखतीला काय वाचून जाऊ?

"सर, सिनियर फिजिशियनच्या मुलाखतीला काय वाचून जाऊ?" एमडी होऊन सात-आठ वर्षं झालेली पोरं विचारतात. काही वाचू नका म्हटलं, की त्यांना वाटतं मी टाळतोय.

त्यापेक्षा आधी परवानगी काढून ते हॉस्पिटल बघून या. तेही रात्री. कॅज्युअल्टीच्या सिस्टरना विचारा, रात्री आयसीयूत बेड नसला की कुणाला फोन लावता? मुलाखतीत सगळं त्याच्याच आसपास फिरतं. आपल्या कोल्हापुरात तर हमखास विचारतात : २०१९ सारखा पूर आला, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तर ऑक्सिजनचं काय? डायलिसिसच्या पेशंटांचं काय? महात्मा फुले योजनेच्या पेशंटांबद्दलही विचारतील. पॅकेजेस थोडी बघून जा.

आणि एक प्रश्न ठरलेला. "तुमची एखादी चूक सांगा."

पहिल्या मुलाखतीत मी म्हणालो, "कामात फार गुंततो, घराकडे दुर्लक्ष होतं." ट्रस्टी हसले. समोरच्या फिजिशियन बाई हसल्या नाहीत. तिथली नोकरी मिळाली नाही, ते बरोबरच झालं.

दुसऱ्या वेळी घोणसाची केस सांगितली. भातलावणीचे दिवस, पन्हाळ्याकडचा पेशंट, पायाला चावलेलं. रक्त काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करून बघायचं. गोठलं नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल दिल्या. सहा तासांनी पुन्हा तीच टेस्ट, पुन्हा गोठलं नाही. मी फोनवरूनच दुसरा डोस सांगितला. पेशंटच्या अंगभर गांधी उठल्या, बीपी खाली आलं. ॲड्रेनॅलिन देऊन निभावलं. नंतर लॅबचा रिपोर्ट आला, तर रक्त गोठण्याची वेळ जवळपास नॉर्मल. काचेच्या ट्यूब संपल्या होत्या म्हणून ड्यूटीवरच्या पोरानं प्लॅस्टिकची वापरली होती. प्लॅस्टिकमध्ये रक्त धड गोठत नाही, साबणानं धुतलेल्या काचेतही तीच गत.

चूक त्या पोराची नव्हती. ट्यूब कसली, एवढं मी विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी काचेच्या ट्यूबचा वेगळा डबा केला, त्यावर "फक्त सर्पदंश" अशी पट्टी चिकटवली. आता सहा तासांनंतरची ट्यूब मी स्वतः बघतो, नाहीतर फोटो मागवतो.

एवढं सांगेपर्यंत कपाळाला घाम आला होता. पॅनेलवरच्या एकांनी विचारलं, "नातेवाइकांना सांगितलंत?"

"सांगितलं. दुसरा डोस नको होता, तो माझ्या चुकीनं गेला म्हणून."

"काय म्हणाले?"

"पेशंटचा थोरला भाऊ होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'वाचलाय न्हवं? मग आता च्या घ्या, डॉक्टर. रातभर जागाय तुम्ही.'"