तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबा आग्वादला, आणि मी पोर्तुगीज?

दर 19 डिसेंबरला मी गोवा मुक्तिदिनाच्या शुभेच्छा टाकल्या की कोणीतरी विचारतंच, अगं तुझे आजोबा पोर्तुगीजांच्या तुरुंगात होते ना, मग तू त्यांचा पासपोर्ट कसा घेतलास? इथे इंग्लंडमध्ये स्विंडनला विचारतात, गोव्यात डिचोलीला घरी गेले की तिथेही विचारतात. इतकी वर्षं मी 'पोटासाठी' म्हणून विषय संपवत आले. ते खरंच आहे, 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, नवऱ्याचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते काही थांबले नाहीत. पोर्तुगाल युरोपीय संघात, म्हणून त्या पासपोर्टवर तेव्हा इंग्लंडमध्ये कामाला येता यायचं. पण तेवढंच उत्तर पुरत नाही हे मलाही कळतं.

कायद्याचं म्हणाल तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याने गोवा हातचा गेला हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. 1974 च्या शेवटी पोर्तुगालने ते मान्य केलं, तरी मुक्तीआधी जन्मलेल्या गोंयकारांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क त्यांच्या कायद्यात राहिला. म्हणजे मी कुणाकडे काही मागायला गेले नव्हते. माझ्या बाबांचा जन्म त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच दप्तरात नोंदलेला, 1958 चा.

आणि अडलं ते तिथेच. आधी बाबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग माझा. बाबा जन्मले तेव्हा आजोबा आग्वादच्या तुरुंगात, त्यामुळे नोंद करायला आजीचा भाऊ गेला होता आणि कारकुनाने आजोबांचं नाव पोर्तुगीज अक्षरांत भलतंच काहीतरी लिहून ठेवलेलं. दोन्ही नावांचा माणूस एकच आहे असं अ‍ॅफिडेव्हिट करायचं तर जुना पुरावा हवा. एजंट म्हणाला, पूर्ण नाव असलेलं काही सरकारी आहे का घरात? होतं ना, आजोबांचं स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनचं पत्र. मी कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. बाबांनी ते उचललं, घडी घातली आणि म्हणाले, "बाकी जे पायजे ते ने, मी सही करतो, पण ह्या कामाला हा कागद लागणार नाही." मी वाद घातला, म्हटलं बाबा ते पत्र इथल्या नोटरीलाच दाखवायचंय, लिस्बनला जात नाहीये. ते काहीच बोलले नाहीत, पत्र शर्टाच्या खिशात ठेवून बाहेर पडले ते रात्री जेवायला आले. आई मला म्हणाली, आता पुन्हा विचारू नकोस. शेवटी शेताच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, नाव मिळालं, त्याच्यावर भागलं, पण त्यात फार वेळ गेला आणि तेवढे दिवस घरात त्या विषयावर कोणी बोललं नाही. बाबांनी सगळ्या सह्या केल्या. स्वतः पासपोर्ट काढला नाही, मतदान अजून डिचोलीलाच करतात.

कॉलेजात असताना मी पणजीला पोर्तुगीज कॉन्सुलेटबाहेरची रांग बघून मैत्रिणींना म्हणायचे, ह्यांना लाज कशी वाटत नाही. त्या मुलीला मी आज काय सांगू? की त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या घरी एखादा ट्रक उभा असेल? ती म्हणेल, सगळ्यांच्याच नसेल. आणि बरोबर आहे तिचं.

भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी मला रडू आलं, हे तुमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. आता ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, म्हणजे मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, बाबांची वारशाने आली तर आली. ब्रेक्झिटची मुदत 2020 अखेर संपायच्या आत आम्ही इथे पोचलो होतो, म्हणून राहता आलं. मागून आलेल्यांना तोही रस्ता बंद झाला.

आजोबांना पटलं असतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न असतो. बहुतेक नसतं पटलं. पण ते ज्या राजवटीविरुद्ध तुरुंगात गेले ती 1974 ला लिस्बनमध्येच त्यांच्याच सैन्याने उलथवली आणि लोक सैनिकांच्या बाजूने रस्त्यावर उतरले, हेही मी त्यांना सांगितलं असतं, आणि त्यांनी ऐकून घेतलं असतं असं मला वाटतं. मुक्तिदिनाच्या शुभेच्छा मी ह्या वर्षीही टाकणार आहे.