तुम्ही विचारलंत म्हणून: लेकराला गोळी का नाही?

"रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणता, मग लेकराला औषध का चालू करत नाही?" कावीळ ब (हिपॅटायटिस बी, यकृताचा विषाणूजन्य आजार) निघालेल्या मुलांचे आईबाप मला हे विचारतातच. धारूरकडच्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या आईनं तर रडत विचारलं होतं. गरीब बघून डॉक्टर टाळतायत, असं तिला वाटलं.

टाळत नव्हतो. या वयात बऱ्याच मुलांचं शरीर विषाणूशी भांडतच नाही. रक्तात विषाणू कोट्यवधी, पण एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) नॉर्मल, यकृताला सूज नाही. गोळी विषाणूची वाढ रोखते, यकृताच्या पेशीत दडलेलं त्याचं बी तिला उपटता येत नाही. म्हणजे सुरू केली की वर्षानुवर्षं रोज, आणि शरीर भांडायच्या आधी दिली तर फायदा थोडाच. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. एसजीपीटी वाढून तशीच राहिली, तर दोन वर्षांपुढच्या मुलांना एन्टेकाविर देता येतं. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. कावीळ सी निघाली तर मात्र मी थांबत नाही. तीन वर्षांपुढच्या मुलांत ती बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते.

त्या मुलीचा जन्म ऊसतोडीच्या फडावर, कोपीत (मजुरांच्या झोपडीत) झाला. आईचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, आणि २४ तासांच्या आत द्यायची लस राहून गेली. जन्मताना आईकडून लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत हा आजार कायमचा मुक्काम करतो. दीड महिन्याची लस तोवर उशिराची ठरते. मला सगळ्यात जास्त हे लागतं.

माझ्याकडं येण्याआधी त्यांनी कावीळ उतरवून घेतली होती, झाडपाला पाजला होता. पोरीचे डोळे तर पिवळे नव्हतेच. तो पाला यकृतालाच बाधू शकतो, म्हणून बंद करायला लावला. घरात तिचं ताटही वेगळं काढलं होतं. एका ताटात जेवल्यानं, कुशीत घेतल्यानं हे पसरत नाही. ब्लेड, नेलकटर, ब्रश तेवढे वेगळे ठेवा, आणि भावंडांना लस द्या.

ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या सुमारास निघते, गुढीपाडव्याच्या आसपास परतते. म्हणून तिची तपासणी मी दसऱ्याआधी आणि पाडव्यानंतर लावलीय. चार खेपा नॉर्मल आल्या. आई आता पुन्हा गरोदर आहे. तिच्या रक्तात विषाणू फार आहे, म्हणून बाळाला लागण टळावी यासाठी सातवा महिना लागताच टेनोफोविर हे विषाणूरोधक औषध चालू केलं. यंदा ती फडावर जाणार नाही, बाळंतपण सरकारी दवाखान्यात करायचं ठरलंय.