फोटोवरून कॅक्टसचे नाव

गेल्या आठवड्यात मावसबहिणीने फिकट गुलाबी फूल आलेल्या, गोल, कंगोरेदार कॅक्टसचा फोटो पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, ‘दादा, नाव सांग.’ एकिनॉप्सिस असणार असे वाटले खरे, पण फोटो फुलाच्या अगदी समोरून काढलेला असल्यामुळे मला हवी असलेली फुलाची नळी पाकळ्यांमागे पूर्ण झाकली गेली होती. एकिनॉप्सिसच्या नळीवर दाट केस असतात. जिम्नोकॅलिसियम या दुसऱ्या गोल कॅक्टसच्या नळीवर मात्र केस किंवा काटे नसून नुसते गुळगुळीत खवले असतात आणि त्यावरूनच त्याला ‘उघडा पुष्पकोश’ अशा अर्थाचे नाव मिळाले आहे. हे फूल रात्री उमलून दुसऱ्या दिवशी मान टाकते, म्हणून बाजूने काढलेला फोटो लगेच मागवला. नळी केसाळ निघाली.

प्रजाती (एकिनॉप्सिस) सापडली, तरी तिच्यातल्या नेमक्या जातीचे काय? एकिनॉप्सिस ऑक्सिगोना आणि एकिनॉप्सिस आयरिएसी यांचे संकर एकोणिसाव्या शतकापासून होत आले आहेत, आणि ही झाडे बुडाशी भरपूर पिल्ले देत असल्यामुळे तेच संकर पिढ्यान्‌पिढ्या, बहुधा नावाशिवायच, हातोहात फिरतात. अशा झाडाला एकाच जातीचे नाव देणे मला खोटेपणाचे वाटते. त्यात वर्गीकरणही स्थिर नाही: १९७४ मध्ये लोबिव्हिया (हे नाव म्हणजे ‘बोलिव्हिया’च्या अक्षरांची फिरवाफिरव) आणि ट्रायकोसेरियस या प्रजाती एकिनॉप्सिसमध्ये सामावल्या गेल्या, तर २०१२ च्या डीएनए अभ्यासानंतर त्या पुन्हा वेगळ्या मानण्याकडे कल वाढला.

काट्यांवर तर मी फारच कमी विसंबतो. सावलीत वाढलेले झाड लांबट होऊन त्याचे काटे बारीक पडतात, ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम केलेले झाड फुगते, आणि रोपाचे काटे मोठ्या झाडाच्या काट्यांपेक्षा पुष्कळदा निराळेच असतात. शेजारी पट्टी ठेवलेली नसेल, तर फोटोतले झाड लिंबाएवढे आहे की नारळाएवढे, हेही कळत नाही. कित्येकदा तर फोटोतला ‘कॅक्टस’ आपला त्रिधारी निवडुंग, म्हणजे युफोर्बिया निघतो, जो कॅक्टस नव्हेच. म्हणून काटे लोकरीच्या गादीसारख्या ठिपक्यातून, म्हणजे एरिओलमधून फुटले आहेत का, हे मी आधी पाहतो.

शेवटी बहिणीला कुंडीवर ‘एकिनॉप्सिस, बहुधा संकर, फूल फिकट गुलाबी’ अशी चिठ्ठी लावायला सांगितले. त्यावर ती म्हणाली, ‘नर्सरीवाल्याने तर नुसता बॉल कॅक्टस म्हणून दिला होता.’