तुम्ही विचारलंत म्हणून: कोचिंग का सोडली

इंदूरच्या रामबागेतलं लग्न असो, गणपतीची आरती असो, प्रश्न ठरलेला. "भंवरकुव्यावरच्या कोचिंग क्लासमधली एवढी चांगली नोकरी का हो सोडलीत?" बायकोला तर हळदीकुंकवालाही विचारतात. माझा पगार किती होता हे विचारणाऱ्यांना माझ्याहून चांगलं पाठ आहे. आता एकदाच लिहून ठेवतो, पुढे कुणी विचारलं की हेच पाठवीन.

तब्येत ठीक आहे. पैशावरून कुणाशी बिनसलं नाही. एका धड्यावरून सोडली म्हटलं तर हसाल. हसा.

धडा अकरावीचा, बायोमॉलिक्यूल्स. नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, मुलांना त्यातलं एक वाक्य झोपेतून उठवून विचारा: स्टार्चमध्ये हेलिक्स (गोल जिन्यासारखं वेटोळं) असतं, ते आयोडीन धरतं, रंग निळा येतो, सेल्युलोजमध्ये ते नसतं, म्हणून येत नाही. बरोबर आलं की चार मार्क, चुकलं की एक कापला. मी कैक बॅचेसना हे असंच घोकवलं.

त्या दिवशी मागच्या बाकावरचा निमाडचा एक मुलगा उठला. "सर, हमारे खेत में कपास होता है. कपास भी ग्लूकोज का, पोहा भी ग्लूकोज का. फिर एक में हेलिक्स क्यों नहीं बनता?"

पोह्यात स्टार्च, कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. अहो, या प्रश्नासाठी माणूस मास्तर होतो! कँटीनमधून मूठभर कोरडे पोहे मागवले, फर्स्ट एडच्या डब्यातून कापूस आणि टिंक्चर आयोडीन काढलं. पोहे काळेनिळे झाले, कापूस नुसता पिवळट. मग फळ्यावर ग्लुकोजचं कडं काढलं. पहिल्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) कड्याच्या खाली असला तर अल्फा, वर असला तर बीटा. फरक एवढाच. पण अल्फा जोडत गेलात की साखळी जिन्यासारखी गोल वळते, साधारण सहा ग्लुकोजला एक फेरा, आणि आयोडीन त्या पोकळीत जाऊन बसतं. बीटा जोडायचे तर दर दुसरं ग्लुकोज उलटं करावं लागतं. साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी चिकटते, त्याचा धागा होतो. आयोडीनला शिरायला जागाच नाही. आपल्या लाळेतलं अमायलेज हे पाचक एन्झाइम अल्फाचा जोड तोडतं, म्हणून पोहे बराच वेळ चावले की गोडसर लागतात. बीटाचा जोड त्याला तुटत नाही. गाईलाही स्वतःला तोडता येत नाही. तिच्या पोटातले जिवाणू तोडतात.

इथवर आलो आणि दार उघडलं. वर्गात कॅमेरा असतोच. आमचे विभागप्रमुख दारात उभे. "सर, आज की शीट होगी कि नहीं?" मी म्हणालो, शीटमधले सरावाचे प्रश्न मुलं घरी सोडवतील. ते म्हणाले, "तो डाउट काउंटर किसलिए है?" शंकांसाठी आमच्याकडे ते वेगळं काउंटर होतं. पुढचे बाक हसले. तेही मी सोसलं असतं. पण तो मुलगा उभा राहिला आणि त्यांना म्हणाला, "सॉरी सर, मेरी वजह से सबका टाइम गया."

सॉरी. कशाबद्दल? एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1891 मध्ये ग्लुकोजची रचना उलगडली ती हाच प्रश्न विचारून ना: कुठला ओएच कुठल्या बाजूला? त्याला 1902 मध्ये नोबेल मिळालं. आमच्याकडे माफी मागावी लागली.

आमचे मेहुणे म्हणतात, तुमचा अहंकार दुखावला. दुखावला, नाही कशाला म्हणू? चारचौघांत आपल्याला टोकलेलं कुणाला आवडतं? पण डोक्यावर ईएमआय असताना नुसत्या अहंकारापायी नोकरी सोडत नाही कुणी. आणि विभागप्रमुख वाईट माणूस नव्हेत. पूर्वी मीच नव्या मास्तरांना सांगायचो, 'का' हा पोट भरलेल्यांचा शौक आहे. ज्याच्या बापानं फीसाठी जमीन गहाण टाकलीय त्याला आधी सीट मिळवून द्या. 180 मिनिटांत 180 प्रश्न, त्यात आयोडीनला कुठून वेळ आणणार? तेव्हाचा तो मास्तर मला आजही खोडून काढता येत नाही. फक्त तो मुलगाही जमिनीवाल्याचाच होता, आणि 'का' त्यानंच विचारलं, हे मी त्याला ऐकवतो. तो म्हणतो, मग त्याची सीट लागली का? मला माहीत नाही. सत्र संपायच्या आधीच मी बाहेर पडलो होतो.

ताईचा मुलगा यंदा त्याच संस्थेत आहे. ती म्हणाली, काढू का त्याला? मी नको म्हणालो. रात्री त्याची शीट अडली की मीच सोडवून देतो, तीही भरभर.

माझ्याकडे घरी थोडी मुलं येतात. परवा दोघांचे पालक विचारून गेले, "सर, सिलॅबस वेळेत संपेल ना?" त्यांना अजून नक्की काही सांगितलेलं नाही.