क्रेऑन आधी कुठे गेला?

ग्रीक शोकांतिकेच्या नायकाचा एक अवगुण हुडकायचा, त्याच्या नाशाचे खापर त्या अवगुणावर फोडायचे आणि नाटक कळले असे समजायचे, ही उत्तरपत्रिकेतली सवय अनेकांना पुढेही सुटत नाही. इ.स.पू. ४४१च्या सुमारास लिहिलेल्या सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’तल्या क्रेऑनबाबत, म्हणजे थीब्ज नगरीच्या राजाबाबत, तर उत्तर तयारच असते: हट्ट. थीब्जवर चालून आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत कोणी पुरू नये, असा हुकूम त्याने काढला. बहीण अँटिगनीने तो मोडून भावावर माती टाकली, तेव्हा त्याने तिला दगडी विवरात जिवंत कोंडले. तिच्याशी लग्न ठरलेला त्याचा मुलगा हेमॉन, पुरात वाकणारी झाडे तगतात आणि ताठ उभी राहणारी मुळासकट जातात, असे विनवून सांगतो. महापुरातली लव्हाळी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे नव्याने पटवावे लागत नाही, पण बापाला ते पटत नाही.

मात्र एवढेच कारण असते, तर हट्ट सोडताच अनर्थ टळायला हवा होता, आणि क्रेऑन हट्ट सोडतो! कुत्र्यांनी आणि पक्ष्यांनी आणलेल्या प्रेताच्या लचक्यांनी नगरातल्या वेदी विटाळल्या आहेत, देव आता आहुती स्वीकारत नाहीत, असे आंधळा द्रष्टा टायरीसिअस बजावतो, तेव्हा तो हादरतो आणि काय करू म्हणून वृंदाला, म्हणजे रंगमंचावर एकत्र बोलणाऱ्या थीब्जच्या वृद्ध नागरिकांना, विचारतो. उत्तर निःसंदिग्ध आहे: जा, मुलीला विवरातून सोडव आणि उघड्या प्रेतासाठी थडगे बांध. क्रेऑन तत्काळ निघतो.

पुढचे आपल्याला दूताच्या तोंडून कळते. क्रेऑन आणि त्याची माणसे आधी प्रेताकडे गेली. त्यांनी देवतांची करुणा भाकली, उरलेले अवशेष धुतले, नुकत्याच तोडलेल्या फांद्यांवर ते जाळले, मायभूमीच्या मातीचा उंच ढिगारा रचला आणि मगच ती विवराकडे वळली. तोवर अँटिगनीने गळफास लावून घेतला होता आणि हेमॉन तिच्या कमरेला मिठी मारून रडत होता. तो बापाच्या तोंडावर थुंकला, तलवार उपसून धावला, वार हुकला, तेव्हा तीच तलवार त्याने स्वतःच्या कुशीत खुपसली.

या उलटलेल्या क्रमाबद्दल दूत अवाक्षर काढत नाही, सोफोक्लीसही कारण देत नाही. माझ्या मते क्रेऑन इथेही राजा म्हणूनच विचार करतो: विटाळलेली वेदी हे नगरावरचे संकट, कोंडलेली मुलगी ही घरातली बाब. याला अवगुण म्हणणे मला जड जाते, कारण हीच नजर त्याला चांगला शासक बनवू शकली असती. फार सज्जनही नाही आणि दुष्टही नाही, अशा माणसाचा काही चुकीमुळे झालेला पात शोकांतिकेला योग्य, असे ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त म्हटले आणि सोफोक्लीसच्याच दुसऱ्या शोकांतिकेचा नायक ईडिपस याचे नाव घेतले, क्रेऑन त्या वर्णनात मला अधिक नेमका बसतो. त्याच ग्रंथात, जाणूनबुजून वार करायला निघून तो तडीस न नेणे हा सर्वांत कमी प्रतीचा प्रसंग, असे सांगताना त्याने हेमॉनचेच उदाहरण दिले आहे. इथे त्याचे माप मला कोते वाटते, कारण बापावर उपसलेली तलवार मुलाच्याच कुशीत जाते.

हे वर्तमान ऐकून राणी युरिडिसी न बोलता आत जाते आणि नवऱ्याला पुत्रघातकी म्हणून शाप देत जीव देते. क्रेऑन मरण मागतो. ते पुढचे पुढे, आता समोरचे पाहा, असे वृंद त्याला सांगतो.