मोर्टनचं चर्च आणि त्या वैमानिकाची खिडकी (इंग्लंडमध्ये डॉर्सेटला जाणाऱ्यांसाठी)

डर्डल डोरला, त्या समुद्रकाठच्या दगडी कमानीला, आपली मंडळी गाड्या भरभरून जातात, पण तिथून जवळच असलेल्या मोर्टन गावाला फारसं कोणी वळत नाही, म्हणून हे लिहितोय.

सेंट निकोलस चर्च एवढंसंच आहे. 8 ऑक्टोबर 1940 ला एका जर्मन विमानाने टाकलेला बॉम्ब इथे पडला आणि उत्तरेकडची भिंत आणि झाडून सगळ्या खिडक्या गेल्या. नंतर रंगीत काचा बसवायच्या ऐवजी काचेवर कोरीव काम करणाऱ्या लॉरेन्स व्हिसलरकडून साध्या पारदर्शक काचेवर कोरून घेतल्या, आणि हे काम 1955 ते 1984 असं चाललं म्हणजे बघा! त्याचा भाऊ रेक्स, तोही चित्रकार, 1944 मध्ये नॉर्मंडीत मारला गेला होता, त्यामुळे युद्धात माणूस जाणं म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

वैमानिकाची खिडकी चर्चमधल्याच ट्रिनिटी चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनाकक्षात) आहे, 1982 ची. 1940 मध्ये गेलेल्या एका फायटर पायलटसाठी त्याच्या बायकोने करून घेतलेली. हिशोब करा, मध्ये चाळीसेक वर्षं गेली. मोडलेला प्रोपेलर आहे, आकाशात विमानांच्या धुराच्या रेघा आहेत आणि त्या रेघांमध्येच आद्याक्षरं लपवलीयत. मोठं नाव नाही, हुद्दा नाही, पदकं नाहीत. मला हेच फार आवडलं, आपल्याकडच्या स्मारकांवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव जास्त मोठं असतं.

आता कामाचं. कोरीव काच पांढऱ्या आभाळासमोर जवळजवळ दिसतच नाही, मागे झाडाचा गडद हिरवा आला की रेघा उठून दिसतात, त्यामुळे एकाच जागी उभं राहू नका, जरा खाली वाका, बाजूला सरका, दर दोन पावलांवर चित्र बदलतं. मोबाईल हमखास मागच्या झाडावर फोकस करतो, स्क्रीनवर बोट ठेवून काचेवर लॉक करा. ढग सरकत असतील तर बसून राहा, घाई करून काही मिळत नाही.

तेरावी खिडकी चुकवू नका, ज्यूडासची, म्हणजे चांदीच्या नाण्यांसाठी येशूला पकडून देणाऱ्या शिष्याची. ती आतून दिसतच नाही, बाहेर जाऊन बघायची. गळ्यात फास आणि हातातून पडणारी नाणी खाली येता येता फुलं होतात. चर्चला आधी ती नको होती, शेवटी 2014 ला बसवली. माझ्या मते सगळ्यात धीट काम हेच.

लॉरेन्स ऑफ अरेबियाची (पहिल्या महायुद्धात अरबांबरोबर लढलेला ब्रिटिश अधिकारी, खिडक्यांवाला लॉरेन्स नव्हे) कबर पण याच गावात आहे, मात्र चर्चच्या आवारात नाही, थोडं चालून वेगळ्या दफनभूमीत. गर्दी तिकडेच असते.

ट्रेनने यायचं तर लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून वेमथ लाईन, स्टेशन मोर्टनच, पण गाव तिथून अडीचेक किलोमीटर, तेव्हा बूट बरे घाला. लहान मुलं असतील तर गावातल्या उथळ नदीत पाय बुडवायला जादा कपडे ठेवा, आणि बॉव्हिंग्टनचं टँक म्युझियम जवळच आहे. मात्र चर्च आधी आणि टँक नंतर, उलटं केलंत तर मुलं तिथून हलणार नाहीत. लग्न किंवा प्रार्थना असेल तर आत जाता येत नाही, निघण्याआधी चौकशी करा. आणि दानपेटीत काहीतरी टाका.